आनापानसती: कोल्हापुरात श्वासाचा सराव नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

श्वासावर लक्ष ठेवून बसावे असे अनेकांना वाटते, पण बसल्यावर नेमके काय करायचे हे कळत नाही. कोणी मोबाइलवर एखादे व्याख्यान ऐकून सुरुवात केलेली असते, कोणी योगवर्गात प्राणायाम शिकलेले असतात, तर कोणाच्या घरी त्रिसरण-पंचशील लहानपणापासून पाठ असूनही वंदना संपल्यावर डोळे मिटून काय करायचे हे कधी कोणी समजावून सांगितलेले नसते. मी या साऱ्या गोंधळातून गेलो आहे आणि त्यातला बराचसा टाळता येण्यासारखा असतो, म्हणून ही माहिती क्रमाने लिहीत आहे.

या सरावाला पालीमध्ये आनापानसति म्हणतात. आन म्हणजे आत घेतलेला श्वास, अपान म्हणजे बाहेर सोडलेला आणि सति म्हणजे त्यांचे भान. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातील ११८ वे सुत्त म्हणजे उपदेश याच विषयावर आहे. सावत्थीच्या पूर्वारामात, कौमुदीच्या पौर्णिमेच्या रात्री, भगवान बुद्धांनी भिक्खूंना या सरावाच्या सोळा पायऱ्या सांगितल्या. त्यांच्या चार चौकड्या आहेत: पहिली कायेची, दुसरी वेदनांची म्हणजे सुखदुःखाच्या अनुभवांची, तिसरी चित्ताची आणि चौथी धम्माची. संयुत्त निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात याच सरावाला दिलेली उपमा कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात धुरळा उडत असताना अवकाळी मोठा ढग येऊन बरसतो आणि तो धुरळा जागच्या जागी बसवतो, त्याप्रमाणे श्वासाच्या भानाने मनात उठलेले अकुशल म्हणजे अहितकारक विचार तिथल्या तिथे शमतात, असे तिथे म्हटले आहे. आपल्याकडचा वळीव तो हाच.

सुख हे या सरावाच्या शेवटी, वर्षानुवर्षांच्या कष्टांनंतर मिळणारे फळ आहे, अशी समजूत करून घेऊन बसू नका. सोळा पायऱ्यांपैकी पाचवी प्रीतीची, म्हणजे उचंबळून येणाऱ्या आनंदाची, आणि सहावी सुखाची आहे, म्हणजे पहिल्या निम्म्यातच ती येतात. ती ओळखायची कशी, हे सातव्या टप्प्यात सविस्तर सांगितले आहे.

सुरुवातीला काय लागते

- खाली अंथरायला सतरंजी किंवा घोंगडे, आणि बैठकीखाली घेण्यासाठी घट्ट घडी घातलेली चादर
- गुडघे दुखत असतील तर हात नसलेली साधी खुर्ची
- वेळ लावण्यासाठी घड्याळ. मोबाइल वापरायचाच असेल तर तो विमान मोडवर ठेवावा
- रोजची वीस मिनिटे

अगरबत्ती, मूर्ती, संगीत, विशिष्ट रंगाचे कपडे यांपैकी काहीही आवश्यक नाही. धर्म बदलावा लागत नाही, दीक्षा घ्यावी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. या वीस मिनिटांसाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल तर तिथून परत यावे.

१. प्राणायाम बाजूला ठेवा

प्राणायामात श्वास हेतुपुरस्सर लांबवला, रोखला किंवा एका नाकपुडीकडून दुसरीकडे वळवला जातो. तो सराव चांगलाच आहे, पण तो वेगळा आहे. आनापानसतीमध्ये श्वास जसा आहे तसाच राहू द्यायचा असतो: लांब असेल तर 'लांब आहे' एवढे जाणायचे, आखूड असेल तर 'आखूड आहे' एवढे जाणायचे. सुत्तातील पहिल्या दोन पायऱ्या एवढ्याच आहेत. सकाळी प्राणायाम करण्याची सवय असेल तर तो आधी उरकून घ्या, पाच मिनिटे थांबा आणि मगच या सरावाला बसा. नाहीतर श्वासाला वळण लावण्याची हाताला लागलेली खोड सुटत नाही.

२. जागा आणि वेळ ठरवा

सुत्तात तीन जागा सांगितल्या आहेत: अरण्य, झाडाचे मूळ आणि रिकामे घर. आपल्याकडच्या गल्लीत यांपैकी पहिल्या दोन मिळणे कठीण आहे, परंतु रिकाम्या घराचा अर्थ काही काळ कोणी येणार नाही असा कोपरा एवढाच घेतला तर तो बहुतेक घरांत सापडतो. माडीवरची खोली, देवघरासमोरची जागा, मुले शाळेला गेल्यावरचा सोपा, काहीही चालेल. जागा रोज तीच असावी.

वेळ पहाटेची उत्तम, कारण तेव्हा घरातल्यांच्या मागण्या सुरू झालेल्या नसतात. मात्र पहाट म्हणजे शांतता असे समजू नका. देवळातली घंटा, मशिदीतली अजान, दुधाच्या गाड्या आणि शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप हे सारे पहाटेच सुरू होते. या आवाजांशी भांडू नका. आवाज ऐकू आला, हे कळले, पुन्हा श्वासाकडे आलो, एवढाच त्यांच्याशी व्यवहार ठेवावा. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणाऱ्यांची पहाट दर आठवड्याला बदलते. त्यांनी घड्याळातली वेळ न धरता 'उठून तोंड धुतल्यानंतर' अशी खूण धरावी, म्हणजे पाळी बदलली तरी सराव मोडत नाही.

३. बसण्याची पद्धत

साधी मांडी पुरते. पद्मासनाचा आग्रह नको. बैठकीखाली चादरीची घडी अशी घ्या की कंबर गुडघ्यांपेक्षा चार बोटे वर राहील. एवढ्याने पाठ आपोआप सरळ होते आणि पाय कमी बधिर होतात. पावसाळ्यात फरशी ओल धरते आणि गारठा कमरेत शिरतो, तेव्हा सतरंजीपेक्षा घोंगडे बरे. हात मांडीवर सैल ठेवा, दातांवर दात दाबू नका, डोळे मिटा किंवा अर्धे उघडे ठेवून समोरच्या फरशीवर ठेवा. खुर्चीवर बसल्याने सरावाचा दर्जा कमी होत नाही, फक्त पाठ टेकू नये आणि दोन्ही पावले जमिनीला पूर्ण लागलेली असावीत.

४. श्वास सापडेपर्यंत थांबा

बसल्याबरोबर मोठे श्वास घेऊ नका. काही क्षण नुसते बसून राहा आणि श्वास कुठे स्पष्ट जाणवतो ते पाहा. पुष्कळांना तो नाकपुड्यांच्या कडांवर किंवा वरच्या ओठाच्या वर जाणवतो. ही जागा जेमतेम बोटाच्या पेराएवढी असते. डिसेंबरच्या पहाटे आत येणारा श्वास तिथे गार लागतो आणि बाहेर जाणारा कोमट. मे महिन्यात हा फरक जवळजवळ मिटतो, तेव्हा नुसत्या स्पर्शावर लक्ष ठेवावे लागते आणि तो स्पर्श कधीकधी इतका पुसट असतो की श्वास चालूच नाही असे वाटते. अशा वेळी श्वास मुद्दाम जोराने ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि त्याच जागेवर लक्ष ठेवून थांबावे. स्पर्श पुन्हा कळू लागतो.

दुसरी जागा म्हणजे पोट. ब्रह्मदेशातील महासी सयाडो (१९०४–१९८२) यांच्या परंपरेत पोटाचे वर येणे आणि खाली जाणे पाहिले जाते. उसाच्या हंगामात पाचट जाळल्याची काजळी हवेत असते आणि ज्यांचे नाक त्या दिवसांत चोंदते, त्यांनी पोटाची जागा निवडणे शहाणपणाचे. पण एकदा निवडल्यावर निदान दोन-तीन महिने ती बदलू नका. आज नाक, उद्या पोट, परवा छाती असे करणाऱ्याचा सारा वेळ जागा शोधण्यातच जातो.

एका नाकपुडीतून जास्त आणि दुसरीतून कमी हवा वाहते हे लक्षात आल्यावर नवखा माणूस घाबरतो. नाकाच्या आतील अस्तर आळीपाळीने सुजते आणि ओसरते, त्यामुळे ही बाजू काही तासांनी पालटत असते. ती सुधारण्याची गरज नाही.

५. मोजणी

पहिले काही आठवडे मोजणी करा. श्वास आत, श्वास बाहेर, आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाच्या शेवटी मनात 'एक'. पुढच्याला 'दोन'. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात रचलेल्या विसुद्धिमग्ग या ध्यानमार्गावरील ग्रंथात पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये असा नियम दिला आहे. आकडे फार थोडे असले तर मनाला जागा पुरत नाही, आणि फार झाले की मन श्वास सोडून आकड्यालाच चिकटते. दहापर्यंत गेल्यावर पुन्हा एक. अकरा, बारा, तेरा असे आकडे निघून गेल्याचे लक्षात आले, तर मोजणी चालू होती पण भान नव्हते असे समजावे आणि पुन्हा एकापासून सुरू करावे.

लक्ष श्वासावर आपोआप टिकू लागले की मोजणी सोडून द्या आणि प्रत्येक श्वासाचा आरंभ, मध्य आणि शेवट पाहा. शेवट सर्वांत आधी निसटतो. श्वास पूर्ण बाहेर गेल्यावर पुढचा आत येण्यापूर्वीचा जो लहानसा अवकाश असतो, तिथेच मन उठून जाते.

६. मन गेल्यावर परत येणे

मन जाणारच. गॅसची टाकी सांगायची राहिली, उसाचे बिल जमा झाले का, मुलीच्या शिकवणीची फी कधी भरायची, असे काहीतरी दहाव्या श्वासाच्या आत येते. ते आले म्हणून सराव बिघडला असे मानू नका. मन गेले होते हे ज्या क्षणी कळते, तो क्षण स्मृतीचा म्हणजे भानाचाच असतो. तेव्हा विसरलेपण संपलेले असते. म्हणून त्या क्षणी स्वतःवर चिडणे अगदी चुकीच्या जागी चिडणे आहे. 'विचार' एवढा एकच शब्द मनात म्हणा आणि पुढच्या श्वासावर या. विचार महत्त्वाचा होता, लिहून ठेवू, म्हणून वही जवळ घेऊन बसणारेही असतात. वही ठेवू नका. जे खरेच महत्त्वाचे असते ते वीस मिनिटांनी पुन्हा आठवते.

७. सुख ओळखायला शिका

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि सराव कोरडा होऊन सुटतो तो यामुळेच.

शरीर स्थिर झाले की श्वास आपोआप संथ होतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. सोडणे लांबत गेले की सारे शरीर विसावू लागते. सुत्तातील चौथी पायरी याच विसाव्याची आहे. इथवर आल्यावर लक्ष श्वासावर ठेवूनच स्वतःला विचारा: या क्षणी शरीरात कुठे बरे वाटते आहे? उत्तर मोठे नसते. तळहात उबदार झालेले असतात, खांदे खाली आलेले असतात, कपाळाची आठी सुटलेली असते. कधी अंगावर हलके रोमांच येतात, छातीत मोकळेपणा भरतो, ती प्रीती. ती ओसरल्यावर मागे राहणारा शांत निवांतपणा ते सुख. दोन्ही श्वासाबरोबर नुसती जाणायची असतात. 'प्रीती अनुभवत श्वास घेईन, सुख अनुभवत श्वास घेईन' अशीच सुत्ताची भाषा आहे.

सुख मिळत नाही असे म्हणणाऱ्यांना ते बहुधा मिळालेले असते, पण त्याची दखल घेतलेली नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांना पाणी उतरल्यावर कोरड्या फरशीवर अंग टाकणे हेच केवढे तरी सुख वाटले होते. ती फरशी आजही कोरडी आहे. तिच्यावर बसून वीस मिनिटे श्वास पाहताना हे एकदा तरी ध्यानात घ्यावे.

संयुत्त निकायात एक देवता बुद्धांना विचारते की अरण्यात राहणाऱ्या, दिवसातून एकदाच जेवणाऱ्या या भिक्खूंची कांती इतकी प्रसन्न कशी? उत्तर असे मिळते की ते होऊन गेलेल्याचा शोक करीत नाहीत, न आलेल्यासाठी झुरत नाहीत, जे आता आहे त्यावर निर्वाह करतात. याचा अर्थ पेरणीचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा विचारच करू नये असा कोणी काढला तर तो चुकीचा आहे. वही-पेन घेऊन, ठरवून केलेले नियोजन हे वर्तमानातलेच काम आहे. रात्री अंथरुणात पडल्यावर तेच बेत फिरून फिरून मनात येतात आणि त्यांतून काहीच ठरत नाही, ती चिंता. फरक करायचा तो या दोहोंत.

दोन धोके इथे आहेत. पहिला असा की, काल बसताना जे सुख लाभले ते आज पुन्हा मिळावे म्हणून मन मागे लागते, आणि मग आजचा श्वास हातचा जातो. तेरावी पायरी अनित्यतेची आहे. सुखही येते आणि जाते, हे श्वासाबरोबर पाहणे म्हणजेच पुढची वाटचाल. दुसरा धोका दुःखात असलेल्या माणसाचा. घरात मयत झालेली असताना, आजारपण चालू असताना, ओढूनताणून प्रसन्न होण्याचा प्रयत्न करू नये. दुःख आहे, ते छातीत असे जाणवते, आणि श्वास चालू आहे, एवढे पुरे. फार जड वाटले तर स्वतः केलेली एखादी चांगली गोष्ट किंवा कोणी आपल्यावर केलेली माया आठवावी. चित्त प्रमुदित करणे ही दहावी पायरीच आहे, त्यामुळे अशी मदत घेणे म्हणजे सराव सोडणे नव्हे.

चित्ताच्या आणि धम्माच्या चौकड्यांतील बाकीच्या पायऱ्या पहिल्या सहा महिन्यांत वाचून ठेवल्या तरी चालतील. त्या अनुभवी शिक्षकाकडून समजून घेणे योग्य.

८. आसनावरून उठल्यानंतर

व्हिएतनामी भिक्खू तिक न्यात हान्ह (१९२६–२०२२) यांनी चालणे, भांडी घासणे, फोनची घंटा वाजणे अशा रोजच्या प्रसंगांना श्वासाशी जोडण्यावर फार भर दिला. तो उपयोगी आहे. दिवसातले तीन प्रसंग निवडा आणि प्रत्येकी तीन श्वास पाहा: चहाला उकळी येण्याची वाट पाहताना, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबल्यावर, रागाचा फोन घेण्यापूर्वी. सिग्नलला डोळे उघडेच ठेवावेत, आणि गाडी चालू असताना लक्ष रस्त्यावरच असले पाहिजे.

चालण्यासाठी रंकाळ्याचा काठ सूर्योदयापूर्वी चांगला. नंतर ओळखीचे भेटतात आणि बोलणे टळत नाही. एका श्वासाला आपली किती पावले पडतात ते पाहा, पावलांचा हिशेब श्वासावर लादू नका. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याला खडकात कोरलेली बौद्ध लेणी आहेत. एखाद्या सकाळी तिथे जाऊन अर्धा तास बसावे. सहलीच्या गर्दीचा दिवस मात्र टाळावा.

पंचशील याच टप्प्यात येते. उद्या कोणाला फसवायचे हे ठरवून बसलेले मन वीस मिनिटे स्थिर राहू शकत नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृतीबरोबर सम्यक वाणी आणि सम्यक आजीविका आहेत, आणि एक काढून दुसरे टिकत नाही. ज्या जिल्ह्यात १९२० मध्ये अस्पृश्यांच्या हक्कांसाठी माणगावची परिषद झाली, तिथे डोळे मिटून बसणे म्हणजे अन्यायाकडे पाठ फिरवणे अशी शंका कार्यकर्ते घेतात. ती शंका प्रामाणिक आहे. माझे उत्तर असे की, संताप न चढता अन्यायाविरुद्ध उभे राहायला स्थिर चित्त लागते, आणि ते सरावाने तयार होते.

९. नेहमीचे अडथळे

पाच नीवरणे, म्हणजे मनावर आवरण घालणारे अडथळे, प्रसिद्ध आहेत. वासना आणि द्वेष यांना नाव देऊन पुढे जावे. सुस्ती येत असेल तर डोळे उघडा, उभे राहा, तोंडावर पाणी मारा. तांबडा-पांढरा रस्सा जेवून उठल्यावर लगेच बसलात तर झोप येणारच, म्हणून जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत. अस्वस्थता असेल तर मोजणीकडे परत या. शंका सर्वांत चिवट असते: हे बरोबर करतो आहे का, दुसरी पद्धत चांगली नाही का. तिला उत्तर द्यायला बसू नका. महिनाभर रोज बसून मगच पद्धतीचा विचार करा.

प्रकाश दिसणे, अंग मोठे झाल्यासारखे वाटणे, आवाज ऐकू येणे याचे कौतुक किंवा भीती बाळगू नका, आणि ते चारचौघांत सांगत फिरू नका.

१०. कोणी सावध राहावे

श्वासाकडे लक्ष देताच घाबरल्यासारखे होत असेल, छातीत धडधड वाढत असेल, तर डोळे उघडा आणि पावलांच्या स्पर्शावर किंवा बाहेरच्या आवाजावर लक्ष न्या. तीव्र नैराश्य, भास होणे किंवा आत्महत्येचे विचार असतील तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे आणि चालू औषधे स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नयेत. दम्याच्या रुग्णांनी आपला पंप हाताशी ठेवावा.

११. दहा दिवसांचे शिबिर

घरचा सराव दोन-तीन महिने टिकला की शिबिराचा विचार करा. सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांच्या परंपरेतील विपश्यना केंद्रांपैकी धम्मालय हे केंद्र हातकणंगले तालुक्यात आळते येथे, रामलिंगच्या रस्त्यावर आहे. कोल्हापूर–मिरज लोहमार्गावरील हातकणंगले स्थानकावरून आळते जवळ पडते. शिबिरात पहिले तीन दिवस आनापानच करून घेतात, त्यानंतर विपश्यना, म्हणजे शरीरातील संवेदना जशा आहेत तशा पाहणे, शिकवतात. शुल्क नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानातून खर्च भागतो. पहाटे चारला उठणे, दहाव्या दिवसापर्यंत मौन आणि संध्याकाळी जेवणाऐवजी चहा व फराळ हे नियम आहेत.

सोबत न्यायचे आणि तयार ठेवायचे:

- ऑनलाइन अर्ज मंजूर झाल्याचा संदेश (मंजुरीशिवाय थेट दारात जाऊ नये)
- आधार कार्डासारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र
- चालू औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- सैल, अंगभर कपडे, चादर, टॉर्च, गजराचे घड्याळ
- दागिने, पुस्तके, वही-पेन घरी ठेवावीत. मोबाइल तिथे जमा करावा लागतो

अर्जातील आजारपणाचे रकाने खरे भरा. जागा मिळणार नाही या भीतीने मानसिक आजार लपवणे धोक्याचे आहे, कारण दिवसाचे जवळपास दहा तास बसताना तोच त्रास वर येतो आणि शिक्षकांना कल्पना नसते. शिबिर अकराव्या दिवशी सकाळी संपते, म्हणून रजा बारा दिवसांची घ्यावी आणि घरच्यांना तातडीच्या निरोपासाठी केंद्राचा क्रमांक देऊन ठेवावा. परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसण्यास सांगितले जाते. ते नोकरी-संसारात जमले नाही तर सराव सोडून देऊ नका. पूर्वीचीच वीस मिनिटे, पूर्वीच्याच कोपऱ्यात, दुसऱ्या दिवसापासून सुरू करा.